मृत्युपत्र लिहिण्याआधी १९७९ चा फेरफार काढा

यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील, म्हणजे अप्पा, ७६ वर्षांचे आहेत. आई हयात आहे. दोघे भाऊ, मोठा गावी शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरीला. बहीण शिरपूरला दिली आहे. अप्पांच्या नावावर दोन गट. एक २ हेक्टर ४० आर, आजोबांकडून १९७९ साली आलेला. दुसरा १ हेक्टर २० आर, अप्पांनी १९९६ साली खरेदी केलेला. गावठाणात घर, जळगावला आईच्या नावावर प्लॉट, बँकेत आणि पतसंस्थेत ठेवी, विकासोचे (गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे) पीककर्ज. दोन्ही गट दोघा भावांच्या नावे व्हावेत अशी इच्छा आहे. मृत्युपत्र करावे की बक्षीसपत्र? स्टॅम्प केवढ्याचा? नोंदणी लागते का? बहिणीचे हक्कसोड आत्ताच करून घेतले तर चालेल का? आणि ठेवींना मोठा मुलगा नॉमिनी आहे, म्हणजे तो पैसा त्याचाच ना?

स्टॅम्पचा प्रश्न एका ओळीत संपतो: मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कोरा कागद पुरतो. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. अप्पांना द्यायचा अधिकार आहे ती जमीन नेमकी किती? मृत्युपत्रे सही-साक्षीच्या चुकीने पडतात त्याहून जास्त, आपले नसलेले लिहून दिल्यामुळे पडतात. सातबाऱ्यावर एकट्या अप्पांचे नाव आहे म्हणून जमीन एकट्या अप्पांची ठरत नाही. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकीचा दस्त नव्हे.

म्हणून पहिले काम, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून १९७९ च्या फेरफाराची, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीची, नक्कल काढणे. त्यात दोन गोष्टी बघा. जमीन अप्पांच्या नावे कशाने आली, आजोबा आणि काकांमधल्या वाटणीने की आजोबांच्या निधनानंतर वारसाने? आणि आजोबांकडे ती कशी आली होती, खरेदीने की त्यांच्या वडिलांकडून? जुन्या उताऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे लिहिलेले सापडले तर तो एकत्र कुटुंबाचा ठळक पुरावा समजा.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्यानंतर आजोबांची स्वकष्टार्जित जमीन कलम ८ प्रमाणे वारसाने अप्पांकडे आली असेल, तर ती अप्पांची स्वतंत्र मिळकत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. आजोबांकडून आलेले सगळे ते 'वडिलोपार्जित' आणि त्यात नातवाचा जन्मतःच हक्क, ही समजूत गावोगाव घट्ट बसली आहे, पण ती सरसकट खरी नाही. मात्र एकत्र कुटुंबाच्या जमिनीची वाटणी होऊन हा गट अप्पांच्या वाट्याला आला असेल, तर तुम्हा तिघा भावंडांचा त्यात जन्मापासून हक्क आहे. तिघांचा, कारण ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलाइतकीच सहदायाद (एकत्र मिळकतीत जन्माने हिस्सेदार) झाली, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की हा हक्क तिला जन्माने मिळतो. तिचे लग्न कधी झाले हे बघायचे नाही.

आता आकडे मांडू. पहिला गट, २ हेक्टर ४० आर म्हणजे २४० आर, वाटणीने आलेला धरा. अप्पांच्या मृत्यूच्या क्षणाआधी कायदा एक काल्पनिक वाटणी धरतो, आणि आपल्याकडे बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही मुलाइतका हिस्सा असतो. म्हणजे अप्पा, आई, दोन भाऊ, बहीण असे पाच हिस्से, प्रत्येकी ४८ आर. अप्पांना मृत्युपत्राने देता येतात ते फक्त त्यांचे ४८ आर. ते त्यांनी दोघा मुलांना दिले तर तुम्हा भावांना प्रत्येकी ७२ आर, आईला ४८, बहिणीला ४८. मृत्युपत्र नसेल तर अप्पांचे ४८ आर चौघांत १२-१२ असे जातील आणि प्रत्येकाचे ६० आर होतील. म्हणजे या गटापुरते बोलायचे तर मृत्युपत्राने तुम्हाला मिळणारे जास्तीचे १२ आर. 'दोन्ही गट दोघा मुलांना' असे लिहून ठेवले तर बहिणीचे आणि आईचे ४८-४८ आर त्या कागदाने हलणार नाहीत, दावा मात्र उभा राहील.

१९९६ चा गट अप्पा कोणालाही देऊ शकतात, पण तिथेही एक खाच आहे. खरेदीचे पैसे वडिलोपार्जित जमिनीतल्या केळीच्या उत्पन्नातून आले असतील, तर 'हीसुद्धा एकत्र कुटुंबाचीच' असा वाद घेता येतो. अप्पांची नोकरी होती, बँकेचे कर्ज काढले होते, दुसरे काही विकले होते, असे काही असेल तर मृत्युपत्रात दोन वाक्यांत लिहावे आणि खरेदीखत, कर्जाचा दाखला सोबत जपावा. तीस वर्षांनी हे सांगायला अप्पा नसतील. आणि जळगावचा प्लॉट आईचा आहे; तो अप्पांच्या मृत्युपत्रात घालूच नका.

बक्षीसपत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ७६ व्या वर्षी, पती-पत्नी दोघे हयात असताना, पोटापाण्याची सगळी जमीन बक्षीस देऊ नये. मुद्रांकाचा मोह असतो हे खरे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. पण बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी गेली, मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्र अप्पा हयातभर कितीही वेळा बदलू शकतात. तरीही बक्षीसपत्रच करायचे असेल, तर 'माझा व पत्नीचा सांभाळ, दवाखाना व दैनंदिन गरजा भागवण्याच्या अटीवर' हे वाक्य दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे सांभाळ न झाल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून असे हस्तांतर रद्द करून घेता येते, पण अट लिहिलेली नसेल तर तिथेच अडते.

हक्कसोडाबाबत काळजीपूर्वक वाचा. वाटणीच्या गटात बहिणीचा आज हक्क आहे, म्हणून तो ती आज सोडू शकते. १९९६ च्या गटात अप्पा हयात असेपर्यंत तिचा काहीच हक्क नाही, फक्त पुढे मिळण्याची आशा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. त्या गटाचे आज करून घेतलेले हक्कसोड कागदापुरतेच. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलेच हवे. नोटरीसमोर स्टॅम्पवर केलेले, किंवा तलाठ्यासमोर 'माझे नाव लावू नये' असा दिलेला जबाब, याने हक्क सुटत नाही. हक्क कोणाच्या लाभात सोडला तेही नावानिशी लिहावे लागते. ते राहून गेले की पुढे दोघा भावांतच वाद पेटतो.

आणि एक गोष्ट कायद्याबाहेरची, पण निकालावर परिणाम करणारी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीसमोर कागद ठेवायचा आणि झोक्यावरून उठवून यावलला न्यायचे, हे करू नका. तिला मसुदा आठ दिवस आधी द्या, शिरपूरला तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या, सोडलेल्या हक्काबदल्यात काही रक्कम देणार असाल तर ती बँकेतूनच द्या आणि दस्तात लिहा. फसवून किंवा दबावाखाली घेतले असे सिद्ध झाल्यास नोंदलेला दस्तही रद्द होतो. ती हक्क सोडायला तयार नसेल तर तो तिचा अधिकार आहे, आणि मग सरळ वाटणीपत्र करणे सर्वांत स्वच्छ. माझा कलही तिकडेच आहे: वडिलोपार्जित गटाचे नोंदणीकृत वाटणीपत्र अप्पांच्या हयातीत, त्यांच्या देखत, स्वकष्टार्जित मिळकतीचे आणि वाटणीत त्यांच्याकडे राहील त्या हिश्श्याचे मृत्युपत्र. तोंडी वाटणीवर विसंबू नका. २००५ नंतर वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. तोंडी वाटणी फार क्वचित, भक्कम सरकारी कागदांच्या आधारावरच टिकते.

आता प्रत्यक्ष मृत्युपत्र. सर्वांत आधी हे ठरवून घ्या की ते अप्पांचे आहे, तुमचे नाही. ज्या मुलाला जमीन मिळणार त्यानेच वकील गाठला, मजकूर सांगितला, साक्षीदार आणले आणि अप्पांना गाडीत घालून नेले, तर न्यायालय त्याला संशयास्पद परिस्थिती म्हणते आणि संशय दूर करण्याचा भार त्या मुलावरच टाकते. व्यंकटचला अय्यंगार प्रकरणापासून, म्हणजे १९५८ पासून, हे सूत्र चालत आले आहे. अप्पांना वकिलाकडे एकटे बसू द्या. ते अहिराणीत किंवा लेवा बोलीत सांगत असतील तर तशीच समजावणी व्हावी, आणि शेवटी 'मजकूर मला माझ्या बोलीत वाचून समजावला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे' असे वाक्य यावे.

भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३ प्रमाणे गरज एवढीच: अप्पांची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी अप्पांना सही करताना पाहिले किंवा 'ही माझी सही' असे त्यांच्या तोंडून ऐकले, आणि ज्यांनी अप्पांच्या समक्ष स्वतः सही केली. 'नंतर घरी पाठवून सही घेऊ' हे चालत नाही. उलटतपासणीत साक्षीदार तिथेच कोसळतो. साक्षीदार अप्पांपेक्षा पुष्कळ लहान, धडधाकट, लाभ न मिळणारे आणि जवळपास राहणारे असावेत. मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांच्यापैकी किमान एकाला न्यायालयात उभे करावे लागते. अप्पांच्याच वयाचे दोन जिवलग मित्र साक्षीला घेणे ही नेहमीची चूक आहे. कुटुंबाचे डॉक्टर एक साक्षीदार झाले तर फार चांगले. नाहीतर त्याच तारखेचा 'मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत' असा दाखला जोडा. प्रत्येक पानावर सही, पानांना क्रमांक. खाडाखोड करायची नाही. नंतर पेनने केलेल्या बदलावर पुन्हा सही आणि साक्ष लागते, म्हणून बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र किंवा नवे मृत्युपत्रच करा, आणि 'यापूर्वीची सर्व रद्द' असे लिहा.

नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही करा, फी किरकोळ आहे. नोंदणीने मजकूर बदलल्याचा किंवा कागद हरवल्याचा धोका जातो, पण नोंदलेले मृत्युपत्र आपोआप खरे ठरते असे नाही. साक्षीदार तरीही लागतात. अप्पा अंथरुणाला असतील तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, तसा अर्ज द्यावा लागतो. नोंदलेले मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या, पण नीट साक्षांकित मृत्युपत्रानेही रद्द होते. तारखेने शेवटचे असते तेच चालते. आपल्या जिल्ह्यातल्या मिळकतीला प्रोबेटची (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची) सक्ती नाही, त्याची भीती बाळगू नका.

मजकुरात मी सर्वांत जास्त वेळ पाण्यावर घालवायला सांगेन. बागायत पट्ट्यात जमिनीची खरी किंमत विहीर, बोअर आणि पाइपलाइनीत असते. 'उत्तरेकडील ६० आर मोठ्याला, दक्षिणेकडील ६० आर धाकट्याला' एवढे लिहून भागत नाही. विहीर कोणाच्या तुकड्यात पडते? दुसऱ्याला तिच्यात किती हिस्सा, पाण्याची पाळी किती दिवसांआड? शेतीपंपाची वीजजोडणी कोणाच्या नावे जाईल, बिल आणि मोटारदुरुस्ती कोण किती भरेल? तापीवरून सामाईक पाइपलाइन आणली असेल तर तिच्यातला अप्पांचा हिस्सा वेगळा लिहा, कारण तो सातबाऱ्यावर दिसत नाही. गाडीरस्ता कोणत्या बांधावरून, रुंदी किती फूट? गट क्रमांक, क्षेत्र, आकार (शेतसारा), चतुःसीमा आणि साधा हातनकाशा जोडा. आणि उभे पीक: केळीची मृगबाग किंवा कांदेबाग (पावसाळी किंवा हिवाळी लागवड) उभी असताना निधन झाले तर त्या घडांचे पैसे कोणाचे, लागवडीचा खर्च ज्याने केला त्याचे की जमीन ज्याला मिळाली त्याचे? एका ओळीने पुढची भांडणे वाचतात.

विकासोचे कर्ज कोणी फेडायचे तेही लिहा. बोजा सातबाऱ्यावर जमिनीबरोबर येतो, आणि एकाच गटावर बोजा असेल तर तो गट मिळालेला भाऊ अन्याय झाला म्हणतो. एखादा लाभार्थी अप्पांच्या आधी गेला तर काय, आणि यादीतून राहून गेलेली मिळकत कोणाची, यासाठीही एकेक कलम हवे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून दोन्ही भावांना मान्य असलेली एक व्यक्ती नेमा. आईबद्दल 'हयातभर उपभोग घ्यावा, विकू नये' असे लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यातून फार खटले निघतात. पोटगीच्या हक्कापोटी मिळालेला मर्यादित हक्क स्त्रीच्या पूर्ण मालकीचा होतो, असे तुळसम्मा प्रकरणात १९७७ साली ठरले आहे. आईला द्यायचे ते पूर्ण मालकीने द्या, नाहीतर दोघा मुलांनी दरवर्षी अमुक रक्कम द्यावी असा भार जमिनीवर ठेवा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे तुमच्या हाती देऊन मोकळी होते, पण ते पैसे तुम्ही वारसांसाठी सांभाळता. मृत्युपत्रात ठेवी ज्याला दिल्या त्याच्या, नसेल तर आई, बहीण आणि धाकट्याचाही त्यात हिस्सा. शेअर्सबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितले. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी, मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची धरली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी टक्केवारीनुसार लावता येतात. मृत्युपत्रातली टक्केवारी आणि बँकेतली जुळवून घ्या. पतसंस्था ही बँक नाही. तिथल्या ठेवीला ठेव विम्याचे ५ लाखांचे संरक्षण नसते, म्हणून त्या पावत्यांची यादी क्रमांक आणि मुदतीसह आजच करा. नॉमिनी नसलेल्या मोठ्या ठेवीसाठी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागते, आणि त्यात महिने जातात.

निधनानंतरची वाट सरळ आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. हक्क मिळाल्याची वर्दी ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तलाठ्याला, तीन महिन्यांत. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज करता येतो. मृत्युपत्र असेल तर पहिल्याच अर्जाला जोडा. आधी सर्वांची वारस नोंद करून घ्यायची आणि वर्षाने मृत्युपत्र बाहेर काढायचे, असे केले की ते बनावट असल्याचा आरोप ठरलेलाच. फेरफार घेतल्यावर नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाते, सुनावणी होते, आणि निकालावर प्रांताकडे ६० दिवसांत अपील करता येते. मात्र मृत्युपत्र खरे की खोटे हे महसूल अधिकारी ठरवत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात, असे दोन वेगळे अर्ज लागतात.

हे सगळे हिंदू कुटुंब आणि वर्ग-१ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन नसलेली, जमीन धरून सांगितले. कूळकायद्याने मिळालेली किंवा वर्ग-२ ची, म्हणजे असे बंधन असलेली, जमीन असेल तर ती कुटुंबाबाहेर किंवा बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देण्याआधी थांबा. मुस्लिम कुटुंबात अंत्यखर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र चालते, आणि वारसाला द्यायचे तर बाकी वारसांची संमती लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेरपासून अक्कलकुवा-धडगावपर्यंत, भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही. तरी रूढी सिद्ध होत नसताना मुलींना वगळणे समतेच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रामचरण प्रकरणात म्हटले आहे. वनहक्काचा पट्टा वारसाने पुढे जातो, विकता किंवा बक्षीस देता येत नाही.

जळगावच्या प्लॉटसाठी आईने स्वतःचे वेगळे मृत्युपत्र करावे, वेगळ्या कागदावर, शक्यतो वेगळ्या साक्षीदारांसह. ते नसेल तर प्लॉट अप्पा आणि तिन्ही मुलांत समान जाईल. आईच्या आधी अप्पा गेले तर तिघांत. दोघांचे मिळून एकच मृत्युपत्र करू नका. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो.